एकाच बाटलीतलं पाणी आणि शेवाळाच्या पेशींचे तीन आकडे

मार्चमध्ये आमच्या एमएस्सीच्या एका मुलीनं सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावातून सकाळी सकाळी एक लिटर पाणी भरून आणलं. हिरवट पाणी, वर दुधावर येते तशी पातळ साय. दोन दिवसांनी वही घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, एकाच बाटलीचे तीन आकडे आलेत ओ, ह्यातला खरा कुठला धरायचा?" हिमोसायटोमीटरनं एमएलला ३,३०० पेशी, स्पेक्ट्रोफोटोमीटरवरून काढल्या तर एमएलला १४ लाख पेशी, आणि क्लोरोफिल काढलं तर लिटरला ६० मायक्रोग्रॅम. ३,३०० आणि १४ लाख, म्हणजे चारशे पटीपेक्षा जास्त फरक, आणि पोरगी हुशार आहे, हात स्वच्छ आहे, कुठं आळस केलेला नाही. मला तिचा प्रश्न इतका आवडला की दुसऱ्या दिवशीचं लेक्चर बाजूला ठेवून आम्ही सगळे त्या बाटलीच्याच मागं लागलो, आणि तेच इथं सविस्तर लिहितेय, कारण शेवाळ मोजायचा प्रश्न आता फक्त लॅबचा राहिलेला नाही. उजनी धरणात पुणे-पिंपरीकडचं सांडपाणी भीमेतून येतं, उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं, आणि तेच धरण सोलापूरचं पाणी भागवतं. आपल्याकडं नळाला काही दिवसांआड पाणी येतं, लोक ते टाकीत साठवून ठेवतात. त्या पाण्यात काय आहे आणि किती आहे हे नीट मोजता आलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आधी एक साधी गोष्ट. शेंगदाण्याचं एक पोतं समोर ठेवलंय आणि दाणे किती ते सांगायचंय. एक मार्ग म्हणजे एक छोटं माप भरून त्यातले दाणे एकेक करून मोजायचे आणि पोत्यात अशी किती मापं बसतात त्यानं गुणायचं. दुसरा म्हणजे पोतं काट्यावर ठेवायचं आणि एका दाण्याच्या वजनानं भागायचं. तिसरा म्हणजे दाण्यातून तेल किती निघतं त्यावरून अंदाज बांधायचा. तिन्ही मार्ग चालतात, पण पोत्यात खडे असले तर काटा खडेही मोजतो, दाणे बारके असले तर भागाकार चुकतो, आणि तेलाचं प्रमाण तर पावसावर आणि वाणावर ठरतं. शेवाळाचं अगदी असंच आहे. हिमोसायटोमीटर दाणे मोजतो, स्पेक्ट्रोफोटोमीटर पाण्याचा गढूळपणा मोजतो, क्लोरोफिलची पद्धत रंगद्रव्य मोजते. शेवटी तिघांनाही आपण "पेशी किती" हाच प्रश्न विचारतो, आणि घोळ तिथंच होतो.

हिमोसायटोमीटर म्हणजे मुळात रक्तातल्या पेशी मोजायची काचपट्टी. मशीन यायच्या आधी पॅथॉलॉजी लॅबमध्ये पांढऱ्या पेशी ह्याच्यावरच मोजायचे, आमचं पहिलं चेंबर मी एका पॅथॉलॉजीवाल्या काकांकडूनच मागून आणलं होतं. जाड काच, तिच्यावर कोरलेली जाळी, वर जाड कव्हरस्लिप. कव्हरस्लिप आणि जाळी यांच्यातली फट बरोबर ०.१ मिलिमीटर. जाळीत १ मिलिमीटर बाजूचे नऊ मोठे चौकोन असतात, म्हणजे एका चौकोनावर ०.१ घन मिलिमीटर पाणी, म्हणजे एक एमएलचा दहा हजारावा भाग. म्हणून एका चौकोनात सरासरी जितक्या पेशी दिसतात त्याला १०,००० नं गुणलं की एमएलला किती ते मिळतं. समजा क्लोरेलाचं, म्हणजे एकपेशी हिरव्या शेवाळाचं, लॅबमध्ये वाढवलेलं कल्चर दहा पट पातळ केलंय आणि पाच चौकोनांत ३८, ४५, ४१, ३६ आणि ५० पेशी आल्या. बेरीज २१०, सरासरी ४२, गुणिले १०,०००, गुणिले पातळ केल्याचे १०, झाले ४२ लाख. चौकोनाच्या रेषेवर बसलेल्या पेशीचं काय करायचं हे आधीच ठरवून ठेवायचं, वरच्या आणि डाव्या रेषेवरच्या घ्यायच्या, खालच्या आणि उजव्या सोडायच्या, म्हणजे एकच पेशी दोनदा येत नाही.

हे कागदावर सोपं वाटतं, खरी कसरत भरताना असते. पिपेटचं टोक कव्हरस्लिपच्या कडेला नुसतं टेकवायचं, पाणी आपोआप आत ओढलं जातं, दाबून सोडलं तर स्लिप उचलली जाते आणि फट ०.१ ची राहतच नाही, मग सगळं गणित वाया. बाजूच्या खाचेत पाणी उतरलं तर पुसून परत भरायचं, "चालतंय की" म्हणायचं नाही. आणि आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात अजून एक भानगड आहे. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या वर, वर पंखा चालू, आणि चेंबर भरून पाच मिनिटं गेली की कडेनं पाणी वाळायला लागतं, आतलं पाणी कडेकडं ओढलं जातं आणि त्याच्यासोबत पेशीही सरकतात. मी स्वतः एकदा पहिला चौकोन आणि शेवटचा चौकोन यात दुपटीचा फरक पाहिलाय. तेव्हापासून भरलेलं चेंबर पेट्री डिशमध्ये ओल्या फिल्टर पेपरच्या तुकड्यासोबत झाकून ठेवते, दोन-तीन मिनिटं पेशी खाली बसू देते, पंखा बंद करते, मग मायक्रोस्कोपखाली घेते. घाम येतो पण आकडा हलत नाही.

आता किती पेशी मोजल्या की पुरे? हा प्रश्न मुलं विचारतच नाहीत आणि मला वाटतं सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. पेशी पाण्यात सुट्या सुट्या, कशाही विखुरलेल्या असतील तर मोजलेल्या संख्येचं वर्गमूळ हा तिच्या चुकीचा अंदाज असतो. १०० मोजल्या तर वर्गमूळ १०, म्हणजे १० टक्के, आणि ९५ टक्के खात्रीनं बोलायचं असेल तर साधारण त्याच्या दुप्पट, २० टक्के इकडंतिकडं. ४०० मोजल्या तर १० टक्के इकडंतिकडं. म्हणून जुनेजाणते लोक ४०० चा आग्रह धरतात. आणि आमच्या त्या मुलीनं किती मोजल्या होत्या? वही पाहिली तर नऊ चौकोनांत मिळून ३. तीन म्हणजे तीनच! त्याला नवानं भागून दहा हजारानं गुणलं की येतात ३,३००. गुणाकार बरोबर आहे, पण तीनाचं वर्गमूळ १.७, म्हणजे हा आकडा शून्याच्या जवळ असू शकतो आणि दुप्पटही असू शकतो. आकड्याच्या शेवटी दोन शून्यं आली म्हणून तो पक्का होत नाही.

पण नुसतं एवढंच नव्हतं. मी तिला म्हणाले, "अगं, ह्या तीन पेशी मला दाखव." तिनं फोकस करून दिला आणि मी पाहिलं तर ती पेशी नव्हतीच. पारदर्शक चिकट गोळ्यात साबुदाण्याच्या खिचडीसारखे दाटीवाटीनं बसलेले बारीक बारीक गोल दाणे, प्रत्येक दाणा चार-पाच मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आतून काळपट चमक. हे मायक्रोसिस्टिस, निळ्याहिरव्या जीवाणूंतलं एक. काळपट दिसतं कारण प्रत्येक पेशीत हवेच्या अतिसूक्ष्म नळ्या असतात, त्यामुळंच ते पाण्यावर तरंगतं आणि साय धरते. तो अख्खा गोळा म्हणजे एक वसाहत, आणि तिनं प्रत्येक वसाहतीला एक पेशी धरलं होतं. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाभोवतीची अख्खी गर्दी दिसली आणि आपण "एक" लिहिलं, तसं झालं हे. शिवाय त्या वर्गमूळाच्या हिशोबातलं "विखुरलेल्या" हे गृहीतच इथं मोडतं, कारण यात्रेत माणसं मैदानभर सारखी पसरलेली नसतात, एका जागी हजार आणि दुसरीकडं चार. वसाहती करणाऱ्या शेवाळाची मोजणी म्हणून आधी वसाहत फोडून करावी लागते.

फोडायला आम्ही थोडा अल्कली टाकून नमुना ८० अंशाच्या आसपास गरम पाण्यात ठेवला आणि मग जोरात हलवला, चिकट आवरण सुटलं आणि दाणे वेगळे झाले. ज्यांच्याकडं सोनिकेटर, म्हणजे आवाजाच्या लहरींनी हलवणारं यंत्र, आहे ते तो वापरतात. तरंगण्याचं काय करायचं ते मात्र जुनं आणि फार देखणं आहे. बाटली तोंडापर्यंत काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही, बूच बसवायचं आणि बुचावर हातोडीचा एक ठोका द्यायचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी क्लेबान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं हे करून दाखवलं होतं. ठोक्यानं पाण्यात दाब वाढतो, पेशीतल्या हवेच्या नळ्या चेपतात आणि हिरवी साय बघता बघता खाली बसायला लागते. आमच्या मुलांनी जाड काचेची बाटली फडक्यात गुंडाळून हे केलं, फडकं काढल्यावर पाण्याचा रंगही बदललेला होता, दुधट हिरवा जाऊन काचेसारखा स्वच्छ हिरवा, कारण प्रकाश विखुरणाऱ्या नळ्याच राहिल्या नाहीत. तो क्षण मी विसरणार नाही, सगळी पोरं एकदम गप्प होऊन बाटलीकडं बघत होती.

आता १४ लाखांकडं येऊ. स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये पाण्यातून प्रकाश सोडतात आणि पलीकडं किती कमी पोचला ते पाहतात, ह्याला सगळे ओडी, म्हणजे ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणतात. मिनिटात आकडा मिळतो, नमुना वाया जात नाही, एका दुपारी पन्नास फ्लास्क मोजून होतात. रोज वाढ बघायची असेल तर ह्याच्याइतकं सोयीचं काही नाही. लोक ६८० नॅनोमीटरला मोजतात, तिथं क्लोरोफिल प्रकाश शोषून घेतं, किंवा ७५० ला, तिथं क्लोरोफिल जवळजवळ काहीच शोषत नाही आणि दिसतो तो फक्त कणांनी विखुरलेला प्रकाश. मी ७५० सांगते, कारण पेशीत हिरवा रंग रोजच्या उजेडाप्रमाणं कमीजास्त होतो, आणि ६८० ला तो रंग वाढीसारखा दिसून फसवतो. ओडी ०.४ च्या वर गेली की नमुना पातळ करून घ्यायचा, त्याच्यापुढं रेष वाकते, पेशी दुप्पट झाल्या तरी आकडा दुप्पट होत नाही.

पण ओडी म्हणजे पेशी नव्हे. ओडीवरून पेशी काढायला एक आलेख लागतो, ज्यात त्याच शेवाळाच्या ओळखीच्या संख्येसमोर ओडी मांडलेली असते. आमच्या मुलीनं लॅबमधला क्लोरेलाचा तयार आलेख वापरला होता. क्लोरेला गुळगुळीत गोल सुटी पेशी, मायक्रोसिस्टिस हवेच्या नळ्या भरलेल्या, ज्या प्रकाश जास्तच विखुरतात, आणि वर तलावाचा गाळ. काठावरनं बाटली भरली की माती येणारच, आणि मशीनला माती आणि शेवाळ यातला फरक कळत नाही. पोत्यातले खडे काट्यावर आले ते हे असे.

ह्यावर माझी स्वतःची एक जुनी जखम आहे. शिकत असताना मी जिथं प्रोजेक्ट करत होते तिथं मीडियम बनवायला डिस्टिल्ड वॉटर पुरत नव्हतं म्हणून मी बोअरचं पाणी वापरलं, सेनेडेस्मस नावाचं हिरवं शेवाळ वाढवत होते, ओडी रोज वाढत होती, आठव्या दिवशी तर अशी उसळली की मी आईला फोन करून सांगितलं की प्रोजेक्ट जमला. नवव्या दिवशी सहज एक थेंब मायक्रोस्कोपखाली बघितला तर पेशी होत्या तितक्याच होत्या आणि त्यांच्या मधे नुसती पांढरी बारीक भुकटी. शेवाळ दिवसभर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं, पीएच चढत जातो, आणि बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम क्षार बनून खाली पडायला लागतो. मी क्युवेटमध्ये, म्हणजे मशीनमध्ये ठेवायच्या छोट्या पारदर्शक भांड्यात, सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे दोन थेंब टाकले, बुडबुडे आले आणि ओडी डोळ्यांदेखत खाली आली. त्या दिवसापासून मी ओडी घेतली की एक थेंब मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय वहीत लिहीत नाही, आणि माझ्या मुलांनाही लिहू देत नाही.

क्लोरोफिलची पद्धत नदी-तलावाच्या पाण्याला ओडीपेक्षा कितीतरी बरी, कारण मातीत क्लोरोफिल नसतं. काचेच्या धाग्यांच्या फिल्टरवर ठराविक पाणी गाळायचं, फिल्टर ९० टक्के अ‍ॅसिटोनमध्ये कुस्करून अंधारात थंडीत ठेवायचा, मग सेंट्रिफ्यूज करून वरचं हिरवं द्रव ६६४, ६४७ आणि ६३० ला वाचायचं, ७५० चं वाचन गढूळपणा म्हणून प्रत्येकातून वजा करायचं. जेफ्री आणि हम्फ्री यांनी १९७५ साली दिलेलं सूत्र आजही सगळीकडं चालतं, ६६४ च्या वाचनाला ११.८५ नं गुणायचं, त्यातून ६४७ चं १.५४ पट आणि ६३० चं ०.०८ पट वजा करायचं, एक सेंटिमीटरच्या क्युवेटला एमएल अ‍ॅसिटोनमागं मायक्रोग्रॅम मिळतात. आम्ही अर्धा लिटर गाळून १० एमएल अ‍ॅसिटोनमध्ये काढलं, एमएलला ३ मायक्रोग्रॅम आले, म्हणजे एकूण ३० मायक्रोग्रॅम अर्ध्या लिटरला, म्हणून लिटरला ६०. ट्यूबलाइटखाली फार वेळ ठेवू नका, उजेडानं क्लोरोफिल मोडतं. आणि मेलेल्या शेवाळाचं मोडलेलं क्लोरोफिलही त्याच जागी प्रकाश शोषतं, ते वेगळं करायला अ‍ॅसिड टाकून परत वाचायची पद्धत आहे, ती साय कुजायला लागलेल्या पाण्याला नक्की करा. उणीव एवढीच की पेशीगणिक क्लोरोफिल ठरलेलं नसतं, सावलीतल्या पेशी जास्त धरतात, नायट्रोजन संपला की पिवळ्या पडतात, संख्या तीच राहते.

इथं नमुना आणतानाची एक गोष्ट सांगायलाच हवी. मोजायच्या पाण्यात लगेच लुगॉल आयोडिन घालतात, पाणी फिक्या कोऱ्या चहासारखं होईपर्यंत, म्हणजे पेशी मरतात पण फुटत नाहीत आणि जड होऊन खाली बसतात. हिरव्या शेवाळातला स्टार्च आयोडिननं निळाकाळा होतो, निळेहिरवे जीवाणू पिवळट तपकिरी राहतात, म्हणून ओळखायलाही सोपं पडतं. पण लुगॉल घातलेल्या बाटलीतून क्लोरोफिल काढता येत नाही. दोन बाटल्या घ्या, दुसरी काळ्या कागदात गुंडाळून बर्फात. शहरातल्या सात रस्त्यावरनं लॅबपर्यंत दुपारच्या उन्हात गाडीच्या डिकीत बाटली ठेवली तर मोजायला काही शिल्लक राहत नाही.

आता पाणी पिण्याचं असेल तर एक वेगळीच अडचण येते. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ मध्ये निळ्याहिरव्या जीवाणूंसाठी जे टप्पे सांगितले त्यात पाण्याच्या स्रोतासाठी सावध व्हायचा पहिला टप्पा एमएलला २,००० पेशी किंवा लिटरला १ मायक्रोग्रॅम क्लोरोफिल, आणि दुसरा १ लाख पेशी किंवा ५० मायक्रोग्रॅम. आता २,००० ला हिमोसायटोमीटरमध्ये घाला, नऊही चौकोन मिळून दोनसुद्धा पेशी येत नाहीत. म्हणजे पहिला इशारा ह्या पट्टीला ऐकूच येत नाही, तिच्यावर "काही नाही" आलं म्हणून पाणी चांगलं म्हणणं चूक. तिथं सेजविक-राफ्टर चेंबर घ्यायचं, ५० बाय २० मिलिमीटर आणि १ मिलिमीटर खोल, बरोबर एक एमएल पाणी, खाली हजार चौकोन, २,००० पेशी असतील तर चौकोनाला दोन. फक्त खोली जास्त असल्यामुळं मोठ्या ताकदीची लेन्स जवळ जात नाही आणि चार-पाच मायक्रॉनची पेशी अंधुक दिसते, डोळे ताणावे लागतात. त्याहून बारकाईनं हवं असेल तर उटरमोलची पद्धत. लुगॉल घातलेलं १० किंवा ५० एमएल पाणी उंच नळीत ठेवायचं, पेशी तळाच्या पातळ काचेवर बसू द्यायच्या आणि खालून बघणाऱ्या मायक्रोस्कोपनं मोजायच्या. नळीच्या दर सेंटिमीटर उंचीला साधारण चार तास धरा, पाच सेंटिमीटरची नळी म्हणजे जवळजवळ दिवस. सबुरी लागते, पण १० एमएलमधल्या त्या २०,००० पेशी एका काचेवर येतात. मायक्रोसिस्टिस असेल तर आधी हातोडीचा ठोका, नाहीतर ते वरच तरंगत राहणार.

बाकी मशीन्सबद्दल थोडक्यात. कोल्टर काउंटर बारीक छिद्रातून पाणी ओढतो आणि कण गेला की विजेचा अडथळा मोजतो, वॉलेस कोल्टरला त्याचं पेटंट १९५३ मध्ये मिळालं, शुद्ध कल्चरला उत्तम, तलावाच्या पाण्याला मात्र माती आणि पेशी त्याला सारख्याच. फ्लो सायटोमीटर पेशी एकामागं एक लेसरसमोरून नेतो, क्लोरोफिल असेल तर लाल चमकते, सेकंदाला हजारो पेशी मोजतो आणि मातीला बाजूला काढतो, पण किंमत लाखांच्या घरात आणि लांब धागे किंवा वसाहती आल्या की नळी तुंबते.

आणि स्पिरुलिना, म्हणजे खायचं शेवाळ, करणारी मंडळी पेशी मोजायच्या नादाला लागूच नयेत. एका मळसूत्री धाग्यात पेशी किती हे मोजायला बसायचं कशाला, तुम्हाला किलोचा हिशोब हवाय, तर गाळा, वाळवा आणि वजन करा. फक्त स्पिरुलिनाचं पाणी सोड्याचं असतं, लिटरला १६-१७ ग्रॅम खाण्याचा सोडा, तो फिल्टरवर राहिला तर वजनात मोजला जातो. म्हणून आधी फिल्टर चांगला धुवून घ्या, मग १०५ अंशाला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. टाकीवर रोजच्यासाठी काठीला बांधलेली पांढरी चकती पुरते, किती सेंटिमीटरवर दिसेनाशी होते ते लिहून ठेवायचं.

तर त्या बाटलीचं काय झालं. वसाहती फोडल्या, हातोडीचा ठोका दिला, चांगलं घुसळून चेंबर दोन्ही बाजूंनी भरलं, दोन्ही जाळ्यांचे मिळून अठराही चौकोन मोजले. २१६ पेशी आल्या, चौकोनाला १२, म्हणजे एमएलला १ लाख २० हजार, साधारण १४ टक्के इकडंतिकडं. तिनं लगेच क्लोरोफिलला त्यानं भागून बघितलं, पेशीला अर्धा पिकोग्रॅम आला (पिकोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा दहा लाखावा भाग), तो पटण्यासारखा आकडा आहे, दोन वेगळ्या वाटांनी गेलो तरी एकाच गावाला पोचलो. १४ लाखांवर तिनं काट मारली आणि बाजूला लिहिलं, "क्लोरेलाचा आलेख, गाळ." ३,३०० वर काट मारली नाही, त्याच्यापुढं "पेशी" खोडून "वसाहती" लिहिलं. त्या तीन वसाहती तिनं खऱ्याच पाहिल्या होत्या, सरासरी एकीत ३६ पेशी.